परड्यातल्या दहा-वीस कोंबड्यांची तब्येत कशी सांभाळायची : सगळं एकाच ठिकाणी

आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांत घरामागच्या परड्यात दहा-पंधरा, फार तर पंचवीस कोंबड्या असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पाच हजार ब्रॉयलरच्या शेडवाल्यांसाठी नाही, त्यांच्याकडं कंपनीचा सुपरवायझर येतो, लसीचा चार्ट भिंतीवर लावलेला असतो. आपल्या कोंबडीकडं बघायला कोण येत नाही. ती दिवसभर फिरून खाते, रात्री डालग्याखाली नाहीतर शेवग्यावर बसते आणि एक दिवस सकाळी पाय ताणून पडलेली दिसते, मग घरात सगळे म्हणतात की काल तर बरी होती. खरं तर काल पण बरी नव्हती. कोंबडी आजार लपवते, कारण कमजोर दिसली की कळपातल्याच बाकीच्या टोचून टोचून हैराण करतात आणि घारीची, मुंगसाची नजर पण आधी तिच्यावरच पडते. म्हणजे ती उघड पेंगायला लागली तेव्हा आजार चांगला मुरलेला असतो आणि औषधाच्या दुकानात पळून फारसं हाताला लागत नाही. त्यामुळं या लेखात औषधं कमी आणि बघणं, हात लावून तपासणं आणि वेळेत लस हेच जास्त आहे.

सकाळी खुराडं उघडताना

खुराडं उघडून लगेच चहाला पळू नका, दोन मिनिटं तिथंच थांबा. धडधाकट कोंबड्या दार उघडायच्या आधीच धडका मारत असतात. सगळ्यात शेवटी कोण आली, कोण आलीच नाही, कोण बाहेर येऊन पिसं फुगवून बाजूला उभी राहिली, हे बघा. मूठभर जोंधळा टाका, खायला जी पळत येत नाही तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवा. तुरा बघा, अंड्यावरच्या कोंबडीचा लालभडक असतो, फिका पडला तर जंत नाहीतर उवा-गोचिड्या रक्त पितायत, निळसर-काळपट दिसला तर श्वासाचा किंवा मोठा कुठला तरी त्रास.

मग आत वाकून विष्ठा बघा, घाण वाटलं तरी रोजचा रिपोर्ट हाच आहे. तपकिरी-हिरवट घट्ट गोळा आणि वर पांढरा थर ही नॉर्मल. मधनं मधनं पातळ, चिकट, काकवीसारखी तपकिरी विष्ठा दिसते, वास पण मारते, ती पण नॉर्मल आहे, त्याला हगवण समजून गोळ्या देत बसू नका. रक्त दिसलं, किंवा गर्द हिरवी पाण्यासारखी पडली, किंवा लहान पिल्लांच्या मागं पांढरं चिकटून वाळलेलं दिसलं तर मात्र त्याच दिवशी हलायचं.

आठवड्यातनं एकदा रात्री हात लावून तपासा. दिवसा कोंबडी धरायला गेलं की गावभर पळापळ, रात्री बसल्या जागी गप उचलून घेता येते. दोन्ही हातांनी, पंख अंगाला दाबून उचला, पाय धरून उलटी लटकवू नका, बाजारात तसं धरतात म्हणून ते बरोबर नाही, उलटं धरलं की तिला श्वास घ्यायला त्रास होतो आणि पायाचे, पंखांचे सांधे पण निखळतात. छातीच्या हाडावरनं बोट फिरवा. दोन्ही बाजूला मांस भरलेलं लागलं तर ठीक, हाड चाकूच्या धारेसारखं लागलं तर ती कितीही खाताना दिसू दे, वाळत चाललीय. गळ्याखालची धान्याची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी पाहिजे, सकाळी पण टम्म असेल तर काहीतरी अडकलंय. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून बघा, पिसाच्या मुळाशी पांढरे गठ्ठे म्हणजे लिखा. तळपायाला काळी खपली आणि सूज आहे का ते पण बघा. दहा-बारा कोंबड्यांना सगळं मिळून अर्धा तास लागत नाही.

बाहेरनं आणलेली कोंबडी

आपल्या भागात रोग घरात कसा येतो हे बघायचं असेल तर आखाड बघा. आखाडात, जत्रेला, देवाला सोडलेला म्हणून बाजारातनं कोंबडा आणतात आणि कापायला चार दिवस आहेत म्हणून घरच्या कोंबड्यांतच सोडतात. बाजारात दहा गावची कोंबडी एका पिंजऱ्यात असते. तो कोंबडा दिसायला ठणठणीत असतो, पण रोग अंगात घेऊन आलेला असला तर त्याचं जेवण होईपर्यंत इकडं परडं झुकायला लागलेलं असतं.

कापायला आणलेला पक्षी असो, पाळायला आणलेली तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) असो नाहीतर पाहुण्यांनी कौतुकानं दिलेली कोंबडी असो, वेगळी ठेवायची. पाळायची असेल तर कमीत कमी तीन आठवडे, घराच्या दुसऱ्या अंगाला, वेगळं पाण्याचं भांडं, वेगळं खाणं. आधी घरच्यांना खायला घालायचं, मग नव्याला, उलटं नाही, कारण हातानं आणि चपलेनं पण रोग जातो. जंताचं औषध, उवांचा बंदोबस्त आणि लस त्या तीन आठवड्यांतच उरकायची. दुसऱ्याच्या शेडवर जाऊन आलात तर चप्पल बदलल्याशिवाय परड्यात जाऊ नका. आणि शेजारची एखादी कोंबडी अचानक मेली असं कळलं तर आपली आठ-दहा दिवस कोंडून ठेवा, बायका ओरडतात की अंडी कमी पडतील, पडू देत.

लस, म्हणजे मुख्यतः मानमोडी

गावाकडं मानमोडी म्हणतात, पुस्तकात राणीखेत. विषाणूचा रोग, औषध नाही. कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवी-पांढरी पातळ विष्ठा पडते, नंतर पंख-पाय लुळे पडतात, मान वाकडी होऊन पाठीवर जाते. लस नसलेल्या कळपात शंभरातल्या नव्वदसुद्धा जातात. "यंदा रोगानं सगळी गेली" असं जे आपण ऐकतो त्यातलं बरंचसं हेच असतं, आणि हा रोग लसीनं थांबतो हे माहीत असून पण गावात लस कोण करत नाही.

साधारण वेळापत्रक असं. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा किंवा एफ स्ट्रेन, म्हणजे मानमोडीचीच लस, डोळ्यात नाहीतर नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या पिल्लांच्या विषाणूच्या रोगाची लस, तीही थेंबानंच. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटाचा बूस्टर. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस, पंखाच्या पातळ चामडीत टोचून. आणि आठ आठवड्यांच्या पुढं मानमोडीची आर-टू-बी, ही इंजेक्शननं. आर-टू-बी जोरदार लस आहे, सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला अजिबात द्यायची नाही, तिनंच पिल्लं आजारी पडतात. देवी आणि आर-टू-बी एकाच दिवशी करू नका, आठ-दहा दिवस मध्ये जाऊ द्या. पुढं मोठ्या कोंबड्यांना परत कधी द्यायची ते तुमच्या दवाखान्याचे डॉक्टर भागात रोग किती फिरतोय ते बघून सांगतात. हॅचरीतनं एक दिवसाची पिल्लं घेणार असाल तर मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाची) लस तिथंच दिलीय का ते विचारूनच घ्या, ती पहिल्याच दिवशी द्यायची असते.

आता खरी अडचण. बाटली येते शंभर डोसची, काही तर पाचशेची, आणि आपल्याकडं बारा कोंबड्या. त्यामुळं "एवढ्यासाठी कशाला" म्हणून राहून जातं. यावर उपाय एकच, आळीतल्या सात-आठ घरांनी एक दिवस ठरवायचा. एक बाटली, एकच सकाळ, सगळ्यांच्या कोंबड्या. बचत गटातल्या बायकांनी मनावर घेतलं तर हे काम फार सोपं होतं, परड्यातली कोंबडी तशीही त्यांच्याच हाताखाली असते. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवलं तर लस आणि टोचणारा माणूस दोन्ही जमतं.

लसीच्या दिवशी काय करायचं ते क्रमानं सांगतो. आठ दिवस आधी जंताचं औषध देऊन मोकळं व्हा. आदल्या संध्याकाळीच सगळ्या कोंबड्या कोंडून ठेवा, सकाळी सोडल्या की सापडत नाहीत. लस दुकानातनं किंवा दवाखान्यातनं आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, शर्टाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत नाही, ती २ ते ८ अंशातच जिवंत राहते, मे महिन्यात विट्याहून आटपाडीपर्यंत डिकीत आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. घरी फ्रीजमध्ये ठेवली तर फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार सारखं उघडतं. सोबत आलेल्या पातळ द्रावणातच कालवा, कालवली की घड्याळ बघा, एक-दोन तासांत संपवायची, बर्फावर ठेवूनच वापरायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. काम सकाळी लवकर नाहीतर सूर्य कलल्यावर. डोळ्यात थेंब टाकला की पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत धरून ठेवा, लगेच सोडलं तर डोकं झटकतं आणि लस तुमच्या शर्टावर. पेंगणाऱ्या, आजारी कोंबडीला लस द्यायची नाही. पाण्यातनं द्यायची लस असेल तर ग्रामपंचायतीच्या नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही, विहिरीचं स्वच्छ पाणी घ्या आणि लिटरला पाच ग्रॅम बिनसाईची दूध पावडर मिसळा. रिकाम्या बाटल्या उकळून पुरायच्या, पोरांना खेळायला द्यायच्या नाहीत.

लस दिल्यावर एक-दोन दिवस थोडी सुस्ती, शिंका चालतात. पण लस म्हणजे दुसऱ्याच दिवशी संरक्षण नव्हे, अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे जातात. गावात रोग सुरू झाल्यावर पळत जाऊन लस केली आणि तरी मेली म्हणून "लस खोटी" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या कोंबड्यांच्या अंगात रोग आधीच होता.

खुराडं

रात्रीच्या झोपेसाठी कोंबडीमागं दीड-दोन चौरस फूट जागा धरा. जमिनीपासनं दीड-दोन फूट उंच पायांवर उभं केलेलं लाकडी किंवा लोखंडी खुराडं सगळ्यात चांगलं, खाली ओल राहत नाही, साप-मुंगसाला पण सोपं जात नाही. डालग्याखाली पंधरा कोंबड्या दाबून वर गोणपाट टाकणं बंद करा. आत गरम वाफ आणि विष्ठेचा वास कोंडतो, सकाळी शिंका आणि घुरघुर सुरू होते आणि आपण म्हणतो थंडी बाधली. कोंबडीला थंडी तेवढी बाधत नाही, कोंदट हवा बाधते. वरच्या बाजूला जाळीची खिडकी ठेवा, वारं अंगावर यायला नको पण डोक्यावरनं जायला पाहिजे. पटकन तपासायचं असेल तर पहाटे कोंबडीच्या उंचीला वाकून श्वास घ्या, तुमच्या डोळ्यांना चुरचुरलं तर तिच्या फुप्फुसाचं काय होत असेल.

बसायला दांडा द्या, कोंबडीमागं सात-आठ इंच, कडेला धार नसलेला. अंड्यासाठी चार-पाच कोंबड्यांत एक खोका, साधारण फूटभर लांब-रुंद, अंधारात. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, दोन-तीन इंच. पाटण, जावळी, शिराळ्याकडं तूस फुकटात मिळतं. उसाचं पाचट वापरतात पण ते ओल धरून बुरशी लवकर पकडतं, वापरलंच तर बारीक तोडून, वाळवून आणि लवकर लवकर बदलून. तूस आठवड्यातनं दोनदा खालीवर करा, ओलं झालं तेवढं काढा, चुन्याची पूड भुरभुरा.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस आणि रानमांजर एका रात्रीत सगळी मारून एकच नेतात, धामण अंडी आणि पिल्लं गिळते. उसाच्या पट्ट्यात, कराड-शिराळ्याकडं आता बिबट्या पण आहे, तिथं खुराडं घराला चिकटून आणि दाराला नुसता खिळा वाकवून नाही तर नीट कडी लावून ठेवा.

खाणं-पाणी

फिरणारी कोंबडी किडे, गवत, सांडलेलं धान्य खाते, पण नुसतं तेवढ्यावर अंडी भागत नाहीत. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाणं लागतं. निम्मं ती बाहेर मिळवते असं धरलं तरी संध्याकाळी मूठभर जोंधळा, बाजरी, मका नाहीतर तांदळाच्या कण्या द्या, अंड्यावरची असेल तर थोडं लेअर खाद्य. संध्याकाळी दिलं की घरी पण वेळेवर येतात. शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथी-कोथिंबिरीचे देठ चालतात. चुना म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला पाहिजे ती खाते. घरच्या अंड्यांची टरफलं पण चालतात, तव्यावर भाजून बारीक चुरून, अख्खी टाकली तर अंडी फोडून खायची सवय लागते आणि ती सवय मोडत नाही. बारीक खडे पण पाहिजेत, पोटातल्या पेट्यात धान्य दळायला. अंड्यावर न आलेल्या तलंगांना लेअर खाद्य घालू नका, जास्त कॅल्शियमनं मूत्रपिंडं जातात.

आता आपल्या दोन जिल्ह्यांत कोंबड्या मरायचं एक मोठं कारण, ज्याला कोण रोग म्हणून बघत नाही. विषबाधा. जूनमध्ये सोयाबीन पेरताना औषध लावलेलं बियाणं बांधावर सांडतं, उरलेलं पोत्यात घरी येतं आणि "वाया जायला नको" म्हणून कोंबड्यांपुढं पडतं. थायरमसारखी बीजप्रक्रियेची औषधं कोंबडीला बाधतात, अंडी बिनटरफलाची पडतात, पाय वाकडे होतात, जास्त खाल्लं तर मरतात. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेत फवारणी झाली की त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस कोंबड्या कोंडाच. उंदराचं औषध, धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या, गोचिडाचं औषध लावलेल्या म्हशीखालचं पाणी, सगळं लक्षात ठेवा. एकाच दिवशी धडधाकट सात-आठ कोंबड्या पटापट पडल्या तर रोगाच्या आधी हे आठवा.

बुरशी आलेला मका आणि शेंगपेंड हे दुसरं. पावसात भिजलेला, काळा पडलेला, कुबट वासाचा मका माणसाला नको म्हणून कोंबडीला घालतात, त्यात अफ्लाटॉक्सिन असतं, यकृत खराब करतं, लस दिली तरी अंगाला लागत नाही. भाजून, उन्हात वाळवून ते विष जात नाही, टाकूनच द्या. खारवलेलं, लोणच्याचं, पापडाचं उरलंसुरलं पण नको.

पाणी सावलीत, रोज बदललेलं, भांडं रोज घासलेलं. जमिनीवर ठेवलेल्या घमेल्यात कोंबड्या उभ्या राहून हगतात, म्हणून वीटभर उंचीवर ठेवा.

पिल्लं

कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लांना आई सांभाळते, तुम्ही फक्त घार आणि कावळा सांभाळायचा. खुडूक बसवताना दहा-बारा अंडी पुरे, सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून बघा, आत शिरा दिसल्या नाहीत ती काढा, एकवीस दिवसांनी पिल्लं.

हॅचरीची पिल्लं आणली तर ऊब आपल्याला द्यावी लागते. कोल्हापूरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. गिरीराज, वनराज, कावेरी या जाती परड्याला चांगल्या, पण त्या खुडूक बसायच्या नावानं शून्य, पिल्लं पाहिजेत तर एक-दोन गावरान कोंबड्या ठेवाच. कडकनाथच्या मागं दामदुपटीच्या आशेनं पळू नका, २०१९ ला इस्लामपूरकडं कडकनाथच्या घोटाळ्यात लोकांचे पैसे बुडाले ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीपाशी ३५ अंश तापमान पाहिजे, पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी. जुना पिवळा बल्ब शोधून आणा, एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, आणि दुकानदार तोच देतो. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करतात तेव्हा थंडी, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकतात तेव्हा गरम, सगळीकडं पसरून खातात-झोपतात तेव्हा बरोबर. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवा, पेटलेल्या कोळशाचं घमेलं बंद खोलीत ठेवू नका, कोंडलेल्या विषारी वायूनं सगळी एकदम जातात.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात रक्ती हगवणीची भीती, म्हणजे कॉक्सिडिओसिस. ओल्या तुसात वाढते. पिल्लं पंख पाडून उभी, विष्ठेत रक्त. अँप्रोलियमची पावडर पाण्यातनं देतात, पाकिटावर लिहिलेल्या मापानं आणि पूर्ण दिवस, दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं म्हणून बंद नाही. ती चालू असताना ताकदीसाठी म्हणून बी कॉम्प्लेक्स देऊ नका, त्यातल्या बी-वन नं औषधाचा परिणाम कमी होतो. आणि तूस बदलल्याशिवाय औषध म्हणजे एका हातानं देणं, दुसऱ्या हातानं काढून घेणं.

उवा, गोचिड्या, जंत

चुलीची राख आणि बारीक कोरडी माती एका खड्ड्यात किंवा जुन्या टायरमध्ये सावलीत ठेवा, कोंबड्या त्यात लोळून उवा स्वतःच कमी करतात. पावसात वर पत्रा पाहिजे, नाहीतर चिखल. कोंबडीची गोचिडी मात्र दिवसा अंगावर सापडत नाही, ती भिंतीच्या फटीत लपते आणि रात्री येऊन रक्त पिते. तुरा फिका आणि अंगावर काही नाही असं असलं तर रात्री टॉर्च घेऊन दांड्याच्या सांध्यात, कुडाच्या फटीत बघा. त्यावर खुराडं रिकामं करून फटी बुजवणं, चुना मारणं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध खुराड्याला फवारून पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत सोडणं. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं कोंबडीच्या अंगावर ओतणं म्हणजे उवांसकट कोंबडी घालवणं.

जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, माप वजनावर डॉक्टरांकडनं घ्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्याच वेळी विचारून घ्या.

उन्हाळा, पावसाळा, पूर

जत, आटपाडी, माण, खटावला एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी गाठतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासनं लांब धरते. खाणं पहाटे आणि संध्याकाळीच, दुपारी पोटात धान्य असेल तर उलट गरम होतं. मातीच्या भांड्यात थंड पाणी दोन-तीन ठिकाणी, त्यात दुपारी इलेक्ट्रोलाईट, पत्र्यावर पाचट टाकून भिजवायचं. एखादी कोंबडी पडलीच तर तिचे पाय आणि तुरा साध्या पाण्यानं भिजवा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पाटण-महाबळेश्वरच्या पावसात उलटं, सगळी लढाई ओलीशी. कोरडं तूस पोत्यात आधीच भरून ठेवा. डास वाढले की देवी येते, तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या. हळद-खोबरेल तेल लावायला हरकत नाही, खपली मऊ राहते, पण विषाणू त्यानं मरत नाही. खपल्या ओढून काढू नका, डोळे चिकटले असतील तर कोमट पाण्यानं पुसून हातानं पाणी पाजा, बऱ्याच कोंबड्या देवीनं नाही, दिसत नाही म्हणून उपाशी मरतात.

कृष्णा-वारणाकाठच्यांनी २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर पाहिलेत. पाणी चढतंय म्हटल्यावर गुरं निघतात, कोंबड्या राहतात. दोन प्लास्टिकचे क्रेट आणि बांधायची दोरी आधीच ठेवा. परत आल्यावर जुनं तूस, भिजलेलं खाद्य सगळं टाकायचं, खुराडं धुवून चुना मारून ऊन दाखवायचं, आणि पुराचं साठलेलं पाणी कोंबड्यांना पिऊ द्यायचं नाही.

आजारी दिसली तर

आधी वेगळी करा, बाकी सगळं नंतर. खोका, तूस, उबदार आणि थोडा अंधार, पाणी चोचीपाशी. मग वर सांगितलं तसं अंग तपासा. चेहरा एका बाजूनं सुजला, नाकातनं घाण वासाचं पाणी असेल तर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गाची सर्दी, असू शकतो. नुसती घुरघुर, शिंका असतील तर आधी खुराड्याची हवा बघा. दोन-पाच महिन्यांची तलंग एक पाय पुढं, एक मागं करून पडली तर मरेक्सचा संशय, त्याला औषध नाही. कोंबडी ताठ उभी राहते, शेपटी खालीवर करते, जोर लावते आणि अंडं पडत नाही, तर अंडं अडकलंय. पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवा, मागं खोबरेल लावा, अंधारात ठेवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर वाचत नाही.

एकाहून जास्त पडायला लागल्या तर दुकानात जाऊन "कोंबडीचं अँटिबायोटिक द्या" म्हणू नका, डॉक्टरांना बोलवा, १९६२ या टोल फ्री नंबरवर पण गाडीसाठी फोन करता येतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही आणि उरलेलं आपल्या अंड्यात येतं. कोलिस्टिन तर २०१९ पासनं केंद्र सरकारनं कोंबड्यांत वापरायला बंदी केलेलं औषध आहे, कोणी जुना स्टॉक हातात देत असेल तर घेऊ नका. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस अंडी घरात पण नको, पोरांना तर नकोच.

खुडूक बसलेल्या कोंबडीला आजारी समजू नका. आणि खुडूक मोडायला नाकात पीस घालणं, थंड पाण्यात बुडवणं हे प्रकार बंद करा. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खाली हवा लागेल असं, दाणापाण्यासकट तीन-चार दिवस ठेवलं की ती आपोआप उठते.

मेलेली कोंबडी कॅनॉलला, ओढ्याला, उकिरड्यावर टाकू नका, कुत्री ती गावभर फिरवतात. आजारी दिसली म्हणून मरायच्या आधी कापून खाणं पण नको. दोन-तीन फूट खोल खड्डा, वर चुना, मग माती, हात साबणानं धुवायचे. कारण कळायला पाहिजे असेल तर ताजी मेलेली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवून लगेच दवाखान्यात न्या, तिथनं गरज पडली तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जाते. उन्हात चार तास पडलेल्या कोंबडीचं कोणालाच काही सांगता येत नाही.

आणि कोंबड्यांबरोबर आसपास कावळे, बगळे पण मरून पडलेले दिसले तर हात न लावता आधी दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला २००६ मध्ये सापडला, २०२१ च्या जानेवारीत परभणीत आला. खात्री झाली की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, त्या भीतीनं लोक मर लपवतात आणि कोंबड्या रातोरात पाहुण्यांकडं पाठवतात. तसं केलं की रोग त्या पाहुण्यांच्या गावी पण जातो. सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, पण कळवायच्या आधी मेलेल्यांची मिळत नाही, त्यामुळं फोन पहिल्याच दिवशी करा.